कांडीवरची हळद

आमच्या घरी दूध उतू गेलं की बायको धावत जाऊन गॅस बंद करते आणि मी गॅस मोठा कुणी केला होता ते विचारत बसतो. ही तिची जुनी तक्रार आहे आणि मी ती नाकारत नाही. भाजीवाल्याच्या तराजूवर, डॉक्टरच्या थर्मामीटरवर, एवढंच काय, नांदेड स्टेशनवरच्या घड्याळावरही माझा एकदम विश्वास बसत नाही. पण हा स्वभाव मी जन्माला येताना घेऊन आलो नाही, तो मला नोकरीने लावला. उभी हयात मी मराठवाड्यातल्या कारखान्यांमध्ये पीएच आणि ओआरपीचे मीटर बसवत, त्यांचं सेटिंग करत आणि ते खरं बोलतात की नाही ते तपासत हिंडलो. या धंद्यात चार पावसाळे काढले की माणूस स्वतःच्या सावलीकडेही वळून बघायला लागतो.

ज्यांचा या गोष्टींशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. पाणी आंबट आहे की साबणासारखं बुळबुळीत, हे मोजायची पट्टी म्हणजे पीएच. शून्यापासून चौदापर्यंत. सात म्हणजे मधलं, ना इकडचं ना तिकडचं. सातच्या खाली ताक, चिंच, लिंबू, ॲसिड. सातच्या वर साबण, चुना, कॉस्टिक सोडा. हे मोजायला पेनाएवढी काचेची नळी असते आणि तिच्या टोकाला पातळ काचेचा हरभऱ्याएवढा गोळा. कंपनीच्या कागदात तिला प्रोब म्हणतात, आमच्याकडे सगळे कांडी म्हणतात. कांडी पाण्यात बुडवली की तिच्यातून अगदी बारीकशी वीज निघते आणि वायरीतून भिंतीवरच्या डब्यात जाते. तो डबा म्हणजे कंट्रोलर. तो आकडा दाखवून गप्प बसत नाही. पाणी आंबट झालं की कॉस्टिकचा पंप चालू करतो आणि पाणी सातवर आलं की बंद करतो.

त्याच डब्याला दुसरी एक कांडी जोडलेली असते, ओआरपीची. तिच्या टोकाला प्लॅटिनमचं बारीक कडं असतं. पाण्यात घाण जाळून टाकायची ताकद किती उरली आहे याचा अंदाज ती देते. तिचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पाण्यात कॉस्टिक वाढत गेलं तर पीएचचा आकडा वर चढतो आणि ओआरपीचा खाली उतरतो. एकाच टाकीतले हे दोन साक्षीदार. एक काही म्हणाला आणि दुसरा भलतंच म्हणाला, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आता कॅलिब्रेशन. काचेची कांडी दिवसागणिक थोडी थोडी चुकायला लागते. म्हणून तिला ठरलेल्या आकड्याच्या पाण्यात बुडवायचं आणि डब्याला सांगायचं, बाबा रे, हे सात आहे, हे चार आहे, नीट लक्षात ठेव. या पाण्याला बफर म्हणतात. काम सोपं आहे. अवघड आहे ती माणसं. नांदेडच्या एका कारखान्यात मीटर बारा महिने सात दाखवायचा, ना वर ना खाली. जिवंत पाण्याची रेघ अशी सरळ कधीच नसते, ती थरथरते. मी वायरीचा माग काढत गेलो तर कांडी पॅनलच्या मागे बफरच्या बाटलीत आराम करत होती. मालक म्हणाले, "साहेब, महागाची वस्तू, टाकीत खराब झाली असती." धर्माबादेत एकाने बफरच्या पुड्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात विरघळवल्या होत्या, वर बाटलीवर सुवाच्य अक्षरात 'सात' लिहिलेलं. तेव्हापासून मी माझ्या बाटल्या माझ्या पिशवीत बाळगतो आणि ती पिशवी जेवतानासुद्धा पायाशी ठेवतो.

पण मला सांगायचंय ते लातूरजवळच्या एका डेअरीबद्दल. नाव सांगत नाही. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. मॅनेजर देवणेंचा फोन आला, "पांचाळ, असाल तसे निघा. ईटीपी मेला."

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करायची जागा. डेअरीचं पाणी आंबूस असतं, ते आधी एका टाकीत सातवर आणायचं आणि मग पुढच्या मोठ्या टाकीत सोडायचं. तिथे जिवाणू असतात, ते घाण खातात. हे जिवाणू म्हणजे तिथले खरे कामगार; पगार मागत नाहीत, सुट्टी मागत नाहीत. पण पाणी फार आंबट किंवा साबणासारखं फार खारं आलं की सगळेच्या सगळे मरतात, आणि मग जो वास सुटतो तो शेजारच्या वस्तीला जेवू देत नाही.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी एसटीने पोचलो तेव्हा वास मला रिक्षातच भेटला. गेटपाशी वॉचमनच्या खोलीबाहेर बाकावर गौतम सोनकांबळे बसला होता. हा ईटीपीचा ऑपरेटर. मूळचा इस्लापूरचा, लातूरला कंत्राटावर लागलेला. काम चोख. या वर्षी त्याला कायम करणार अशी चर्चा होती, आणि त्या भरवशावर त्याने मोठ्या मुलीला शिकवणीला घातलं होतं. आत जायची त्याला मनाई होती.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय सांगू साहेब. दसऱ्याला नागपूरला जायचं होतं, दीक्षाभूमीला. सुट्टीवरून देवणे साहेबांशी बोलाचाली झाली. नवमीला दुपारी शिफ्ट संपवून म्या गेलो. आलो तं इथं हे असं. आता ते म्हणून राहिले, म्याच जाताना पंपात काही तरी करून गेलो."

"केलंस का?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "न्हाई."

"बोलाचालीत काय म्हणालास?"

"म्हणलो, माझ्याबगर दोन दिवस चालवून बघा. सगळ्यांसमोर म्हणलो. हाव, म्हणलो. पण तोंडानं म्हणलं म्हणून कोणी कॉस्टिक सोडून देतं का?"

रागाच्या भरात माणसं काय काय सोडून देतात ते मी पाहिलेलं आहे. त्याचं बोलणं मला खरं वाटलं, पण खरं वाटणं हे माझ्या कामात कशातच धरत नाहीत.

देवणेंनी केबिनमध्ये चहा सांगितला आणि प्रकरण माझ्यापुढे मांडलं. नवमीच्या दुपारी कॉस्टिकचा ड्रम भरलेला होता, दसऱ्याला रिकामा सापडला. सगळं कॉस्टिक टाकीत. टाकीत अकराच्या वर पीएच. पुढचे जिवाणू खलास. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "मीटरने त्या सबंध वेळात पाच दाखवलंय. अकरा असताना पाच! म्हणजे मीटरला काहीतरी केलंय. जाणाऱ्या माणसाने करून ठेवलंय. तुम्ही तपासा आणि रिपोर्टवर लिहून द्या, की मीटरशी छेडछाड झाली. पुढचं मी बघतो."

"त्या दोन दिवसांत ईटीपीला कोण होतं?"

"बिराजदार मामा. सोनकांबळेला सुट्टी दिली ना, म्हणून त्यांच्याकडे चार्ज दिला. त्यांच्यावर शंका घेऊ नका बरं का. देवमाणूस आहे."

देवमाणूस म्हटलं की माझे कान टवकारतात. तसे बिराजदार मामा मला नवे नव्हते. निलंग्याकडचे, इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि फोरमन झाले. कपाळाला भस्म, खिशात टेस्टर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गौतमला पंप खोलायला, मोटर बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. दोघं एका डब्यात जेवायचे. त्यामुळे ईटीपीवर गेल्यावर ते माझ्यामागे उभे राहिले यात मला वावगं दिसलं नाही. फक्त ते नेहमीसारखं हवापाणी बोलत नव्हते, एवढं मी टिपून ठेवलं.

आधी मी काही न हलवता सगळं बघून घेतो. पॅनलच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक आणि सुकलेली झेंडूची माळ. दसऱ्यानंतर ती कुठल्या कारखान्यात नसते? पंपाचं बटण ऑटोवर. धोक्याचा भोंगा होता, पण त्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला. तोही सगळीकडेच असतो. मग मी कंट्रोलरच्या पडद्यावर मागची रेघ काढली. पीएच नवमीच्या दुपारनंतर एकदम साडेपाचच्या आसपास येऊन बसला होता, आणि तिथून रात्रभरात अगदी सावकाश खाली घसरत गेला होता, जराही न थरथरता. दसऱ्याला तीच रेघ ताडकन अकराच्या वर गेली. आता ओआरपी बघा. ती रेघ नवमीच्या दुपारपासून खाली, खाली, आणखी खाली.

मी तिथे पायरीवर बसून एक सुपारी फोडली. ओआरपी म्हणत होती की टाकीतलं पाणी दर घटकेला बदलतंय. पीएच म्हणत होता की काहीच होत नाहीये. दोघं एका टाकीत असते तर असं झालं नसतं.

"कांडी काढतो," मी म्हणालो.

मामा लगबगीने पुढे आले. हातात ओलं फडकं. "द्या साहेब, म्या पुसून देतो. चिखल लई बसलाय."

"फडकं नाही लावायचं मामा. काचेला ओरखडा जातो."

"काचेला न्हाई, वरच्या प्लास्टिकच्या नळीला पुसतो की."

"राहू द्या."

ते मागे सरले. ही गोष्ट मी तेव्हा सोडून दिली, पण ती मला आजही सोडत नाही.

कांडी धुतली. माझ्या बाटलीतल्या सातमध्ये घातली, तिने सात दाखवलं. चारमध्ये घातली, चार दाखवलं. दोन्हीकडे लवकर पोचली, अजिबात अडखळली नाही. कांडी तब्येतीने ठणठणीत होती आणि डबाही. छेडछाडीचा मागमूस नव्हता. देवणे तोवर नाकाला रुमाल लावून येऊन उभे राहिले होते. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मीटर चांगला आहे, माणूस खराब आहे! त्याने जाताना करून ठेवलं, आणि परत काढून पण टाकलं असेल."

"परत काढायला तो होता कुठे? तो नागपूरला होता."

"त्याचा कुणी जोडीदार असेल."

संशय घ्यायचा तर असा घ्यावा. मला त्यांचं कौतुकच वाटलं. पण माझं लक्ष कांडीच्या नळीकडे गेलं होतं. कांडी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीत बसवलेली असते, नळीचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा बाहेर. त्या नळीवर उभे तीन पट्टे होते. वर पिवळे आणि खाली तांबडे.

"हा रंग कसला?"

"मागच्या महिन्यात पाइप रंगवले," देवणे म्हणाले. "पिवळा-लाल आहेच की सगळीकडे. शिंतोडे उडाले असतील."

शिंतोडे ठिपक्यांसारखे उडतात, बोटं ओढल्यासारखे नाहीत. आणि पिवळा संपून तांबडा सुरू होत होता तो बरोबर पाण्याच्या रेघेवर. कुठला रंगारी एवढा हिशेबी असतो?

आता एक घरगुती गोष्ट. माझं आयुष्य लॉजवर गेलं. कपडे स्वतः धुवायची सवय आहे. जेवताना शर्टावर वरण सांडलं आणि त्याला साबण लावला की तो पिवळा डाग लालभडक होतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून कुठे लागलं का ते चाचपून पाहिलं होतं. मग कळलं, हळदीचा गुण आहे. साबण, चुना असं खारं लागलं की ती लाल होते. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या हळदीला चुना लावून कुंकू करत आल्या, ते याच जोरावर.

मी टाकीतलं पाणी बोटावर घेऊन वरच्या पिवळ्या पट्ट्याला लावलं. पट्टा माझ्या बोटाखाली लाल झाला. मग पिशवीतल्या चारच्या बफरचा थेंब त्यावर टाकला. परत पिवळा. देवणेंनी रुमाल खाली घेतला, वासाचं भान राहिलं नाही त्यांना.

मी सुताराचा मुलगा. खंडेनवमीला आमच्या घरी करवत, रंधा, पटाशी धुऊन पाटावर मांडायचे, हळद-कुंकू लावायचे, आणि एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची ती विश्रांती. वडील त्या दिवशी पेन्सिलीला टोकसुद्धा करू द्यायचे नाहीत. नळीवरची ती तीन बोटं पाहून मला आमचा पाट दिसला.

"खंडेनवमीची पूजा कुणी केली?" मी विचारलं. विचारताना मागे वळलो नाही.

उत्तर माझ्या पाठीमागूनच आलं.

"म्या केली," बिराजदार मामा म्हणाले. "दरसाल म्याच करतो की."

"पाटावर काय काय मांडलं होतं?"

"पक्कड, पाने, टेस्टर, मेगर... अन् ही कांडी." आता ते थांबेनात. "सगळ्या हत्यारांची पूजा व्हती साहेब. ही बिचारी रात्रंदिवस घाणीत बुडून ऱ्हाती, हिला एक दिवस सुद्धा इसावा न्हाई. मनून यंदा काढली. दुसरी कांडी बी काढणार व्हतो, पण तिचा नट गंजलाय, निघंना."

"मग कांडी पाटावर कोरडीच ठेवली?"

मामा दुखावल्यासारखे झाले. "कोरडी कशी ठेवू? तुम्हीच सांगून गेल्ता की, काचेचा गोळा घटकाभर बी सुकू द्यायचा न्हाई. पूजेचा नारळ फोडल्ता. त्याचं पाणी फुलपात्रात व्हतं. त्याच्यावून चोख पाणी कुठलं? त्यात बुडवून ठेवली. दसऱ्याला सोनं वाटून झालं, मग जागच्या जागी लावली."

देवणे माझ्याकडे बघत होते आणि मी देवणेंकडे. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, एक नारळ मागवा."

नारळ आला. मामांनीच फोडला. थोडं पाणी सांडलं. पेल्यात पाणी घेऊन मी कांडी त्यात सोडली. पडद्यावरचा आकडा धावत खाली आला आणि साडेपाचच्या जवळ येऊन मुकाट बसला, जिथे नवमीच्या दुपारी बसला होता तिथेच. रात्रभर रेघ का घसरत होती तेही उमगलं. फुलपात्रातलं नारळाचं पाणी सावकाश आंबत होतं.

उरलेलं सांगायला नको. कांडी नारळाच्या पाण्यात, वायर डब्याला जोडलेली, पंप ऑटोवर. डब्याला वाटलं टाकी आंबट आहे. तो इमानदारीने कॉस्टिक सोडत राहिला. आकडा काही हलेना, म्हणून आणखी सोडत राहिला. कॅलिब्रेशनच्या वेळी आम्ही आधी 'होल्ड'चं बटण दाबतो, म्हणजे कांडी बाहेर असेपर्यंत पंप थंड बसतो. ते कुणी दाबलं नव्हतं. ऑपरेटरला ते पाठ होतं, पण ऑपरेटर सुट्टीवर होता.

"मामा, परत लावली तेव्हा आकडा बघितला नाही का?" मी विचारलं.

"बघितला. अकरा व्हता. मला वाटलं, आत्ताच पाण्यात उतरलीय, येईल हळूहळू जाग्यावर."

हे खरं असेल. नसेलही. दोन दिवस गौतम गेटवर बसला होता, आणि दोन दिवस मामा ईटीपीवर येऊन जाऊन होते. या दोन दिवसांत त्यांच्या मनात एकदाही नारळ आला नसेल? आणि ते ओलं फडकं? वरची नळी पुसायची एवढी घाई कशाला? मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे पाणी होतं, एवढंच मला कळलं. त्याचा आकडा सांगणारी कांडी माझ्या पिशवीत नव्हती.

केबिनमध्ये देवणेंनी पुन्हा चहा मागवला. या वेळी बिस्किटंही आली, तेव्हाच मी सावध झालो. "पांचाळ, रिपोर्टमध्ये नारळ-बिरळ लिहू नका. हेड ऑफिसला काय वाटेल? तांत्रिक बिघाड लिहा. आणि सोनकांबळेचं मी बघतो, समज देऊन घेऊ आत."

"समज कशाची?"

"म्हणजे... बोलला ना तो उर्मटासारखं."

मला राग आला. मशीनवर संशय घ्यायचे मला पैसे मिळतात, पण या माणसाला फुकट घेतलेला संशय खोटा ठरल्यावरही सोडवत नव्हता. मी म्हणालो, "साहेब, मीटर चांगला आहे. प्रोब टाकीबाहेर होता, पंप ऑटोवर होता, आणि त्या वेळी सोनकांबळे रजेवर होता. मी एवढंच लिहीन. आणि सही करायच्या आधी हे त्याला समोर बसवून वाचून दाखवीन." देवणेंनी बिस्किटांची बशी स्वतःकडे ओढून घेतली. पण वॉचमनला फोन केला.

गौतम आला. खुर्ची असून बसला नाही. मी वाचलं, त्याने ऐकलं. देवणे म्हणाले, "झालं ते झालं, उद्यापासून ये कामावर." त्याने मान हलवली. माफी कुणी मागितली नाही, त्यानेही मागायला लावली नाही. मी पिशवी उचलून गेटकडे निघालो तर तो माझ्यामागे आला.

"साहेब, एक विचारू?"

"विचार."

"मामांना ठाऊक होतं का? म्या तिथं गेटवर बसून होतो तवा?"

मला फडकं आठवलं. ते सांगितलं असतं तर मी खरंच बोललो असतो. पण फडकं म्हणजे फक्त फडकं. तेवढ्यावरून मी एखाद्या मीटरलाही खोटं ठरवलं नसतं.

"मला माहीत नाही गौतम," मी म्हणालो. हे उत्तर देताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही. दुसऱ्याच्या पदरात संशय टाकून मी माझी एसटी पकडली.

वर्ष गेलं. जिवाणू पुन्हा वाढले, वास गेला, गौतम कायम झाला असं उडत उडत कळलं. डेअरीचं वर्षाचं कॅलिब्रेशन मी यंदा मुद्दाम खंडेनवमीला लावून घेतलं. बायको म्हणाली, "सणावारी कुणी जातं का कामाला?" मी म्हणालो, "सणावारीच जायला पाहिजे."

ईटीपीवर पोचलो तर पाट मांडलेला होता. पक्कड, पाने, टेस्टर, मेगर. कांडीची जागा मोकळी. मामा हळदीची वाटी घेऊन उभे होते, खूप म्हातारे दिसायला लागले होते. गौतम कंट्रोलरपाशी होता. त्याने होल्ड दाबलं. पंपाचं बटण स्वतः बंद केलं आणि मला दाखवलं, न विचारता. मग कांडी काढली, धुतली, तिच्या टोपणात काच ओली ठेवायचं तिचं खास पाणी भरून टोपण लावलं आणि पाटावर ठेवली.

"लावा मामा," तो म्हणाला.

मामांनी नळीवर तीन बोटं ओढली. नारळ फोडला, खोबरं वाटलं. गौतमने हात जोडले नाहीत. त्याच्या घरात ते नाही आणि तो दाखवण्यापुरतं करणाऱ्यातला नाही. तो सबंध वेळ पंपाच्या बटणावर हात ठेवून उभा होता. मी हळूच विचारलं, "दसऱ्यापर्यंत असाच उभा राहणार का?"

"न्हाई साहेब. मामा म्हणले, औंदा घटकाभरच इसावा."

ती घटका झाली. मामांनी पाटावरून कांडी उचलली. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा ते फडकं आलं. पण त्यांनी कांडी गौतमपुढे धरली आणि खाली बघत म्हणाले, "तूच धू बाबा. म्या हात लावत न्हाई."

गौतमने कांडी घेतली. टोपण काढून काचेचा गोळा तेवढा धुतला. मग नळीवरच्या पिवळ्या पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "हळद राहू द्या मामा. कामाला येती."

कांडी टाकीत उतरली, गौतमने होल्ड काढलं, पंप ऑटोवर टाकला. आकडा सातवर येऊन थरथरत उभा राहिला, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही तिघंही टाकीवर वाकून पाण्यातल्या हळदीकडे बघत होतो. ती पिवळीच राहिली.